उतरंडीच्या तळाचं मडकं

"जुन्यावर नवं वतू नका, तळातलं जुनं जित्तं असतं," असं सरूबाई एकदाच म्हणाली. ते ऐकायला तेव्हा घरात एकच बाई होती. त्या बाईला धड दिसत नव्हतं, पण ऐकू नीट येत होतं.

सरूबाई तेव्हा तांदळाबद्दल बोलत होती. धान्य सोडून दुसऱ्या कशाबद्दल ती फारसं बोलत नसे.

तिचं माहेर औंढ्याचं. आई लोणावळ्याच्या बाजारात एका भुसार वखारीच्या मागच्या पडवीत झाडणीचं धान्य निवडायला जायची. पोती हलवताना सांडलेलं, उंदरांनी फोडलेलं, मातीत मिसळलेलं असं ते धान्य. सरू आईबरोबर बसायची. वखारीच्या आत त्यांना पाऊल टाकायची मुभा नव्हती. आतला हमाल दाराच्या फटीतून सुपं बाहेर ढकलायचा. सुपाच्या पलीकडे काळोख असायचा, आणि त्या काळोखातून धान्याचा कोमट वास यायचा. सरू जे शिकली ते त्या दाराशी बसून. सोंडा किडा दाणा आतून पोखरतो, वरून दाणा शाबूत दिसतो. पिठातला तांबडा किडा उजेड पडला की पळतो. पाखरू, म्हणजे धान्यातला बारीक पतंग, लागलेलं धान्य मात्र वेगळं. त्याचे दाणे एकमेकाला चिकटतात. चिमूट उचलावी तर दाण्यांची माळच वर येते, डोळ्याला न दिसणाऱ्या धाग्यात ओवलेली.

"पाखरू काय खात न्हाई," आई सांगायची. "त्याला खायाचं त्वांडच न्हाई. खाती ती अळी. पाखरू दिसलं म्हंजी समजायचं, खाऊन झालंय."

चौसष्ट साली सरू लग्न होऊन कुरवंड्याच्या वस्तीत आली. घर वस्तीच्या शेवटाला, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत चूल आणि माणसं, मागच्या खोलीत धान्य. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. पावसाचे चार महिने नागफणीच्या कड्याकडून धुकं उतरायचं आणि दार उघडं दिसलं की आत येऊन बसायचं. म्हणून दार लावलेलं असायचं. चार महिने त्या घरात धूर, ओल आणि माणसं एकमेकांचा श्वास घेत राहायची.

सासरा सखाराम. घाटात रेल्वेचा गँगमन म्हणून आयुष्य काढलेला, आता घरी बसलेला, ताठ माणूस. पुढच्या खोलीच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. संध्याकाळी सखाराम तिथं उभा राहून वंदना म्हणायचा आणि शेजारची चार घरं त्याच्या मागे म्हणायची. छप्पन साली वस्तीतले सगळे देव एका टोपल्यात घालून त्यानेच इंद्रायणीत सोडले होते. इंद्रायणी तिथं अजून ओढ्याएवढीच असते. देव लगेच वाहून गेले नाहीत, दगडात अडकले. तेव्हा सखाराम पाण्यात उतरला आणि एकेकाला हातानं पुढं ढकललं, असं लोक सांगायचे.

सासू येसूबाई. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. ती मागच्या खोलीच्या उंबऱ्याला पाठ लावून बसायची. उंबऱ्यातून आतबाहेर करायचं तर तिच्या पायावरून पाय टाकून जावं लागे.

आणि नवरा श्रीपती. पिंपरीला कारखान्यात. शनिवारी संध्याकाळी यायचा, रविवारी संध्याकाळी जायचा. तिकडे चार माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत झोपायचा. एक उठला की दुसऱ्यानं त्याच अंथरुणावर पडायचं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत सरूबाईनं नवऱ्याला सलग दोन दिवस पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी आषाढात दिवेलागणीला रॉकेलच्या चिमणीभोवती पहिलं पाखरू दिसलं. बोटाच्या पेरापेक्षा लहान. सरळ उडायचं नाही, वाट चुकल्यासारखं वेडंवाकडं जायचं. सरूबाईनं ते भिंतीवर बसू दिलं आणि चिमणी जवळ नेली. मिटलेल्या पंखांचा डोक्याकडचा भाग राखी आणि खालचा भाग जुन्या तांब्याच्या नाण्यासारखा. तिनं चिमणी खाली ठेवली. ओल्या लाकडातून येणारी पाखरं वेगळी, लुगड्यातली वेगळी. हे धान्याचं होतं.

मागच्या खोलीत तांदळाची कणगी होती. आंबेमोहोर, पुढचं पीक हाती येईपर्यंत पुरवायचा. सरूबाईनं हात कोपरापर्यंत आत घातला. वरच्या थराची मूठ चिकट लागली.

तिनं जे करायचं ते केलं. पाऊस एक दिवस उघडला तेव्हा सगळा तांदूळ अंगणात घोंगडीवर पसरला, उन्हाच्या मागे मागे घोंगडी ओढत नेली. पाखडला, चाळला, जाळी धरलेला वेगळा काढून उकळत्या पाण्यात टाकला. कणगी रिकामी करून आतून शेणानं नवी लिंपली, वाळवली, तळाला निरगुडीचा पाला घातला. डाळींना राख चोळली. आढ्याच्या बेचक्यांत, भिंतीच्या भेगांत कापसाच्या बोंडासारखे पांढरे कोष चिकटले होते. ते झाडूच्या हिरानं एकेक उकरून चुलीत टाकले. अळी खाऊन तट्ट झाली की धान्य सोडून वर चढते, आणि माणूस वर बघत राहतो, हे तिला ठाऊक होतं.

पंधरा दिवस घर स्वच्छ राहिलं. मग चिमणीभोवती पुन्हा एक पाखरू आलं, मग दुसरं.

तिनं पुन्हा सगळं केलं. पाखरं पुन्हा आली.

शेजारची कस्तुराबाई विस्तव मागायला आली आणि दारातच थबकली.

"काय गं सरू, दिव्याभवती काय नाचतंय? माहेरची वरात आली का काय?"

"पाखरं हायेत, मावशी."

"ती दिसत्यात की. आमच्याकडं न्हाईत, म्हणून इचारलं."

"तुमच्याकडं धान्य टिकतंय कुटं पाखराला यायला?"

कस्तुराबाई मोठ्यांदा हसली. त्वांडाची बरी हाय, असं येसूबाईला म्हणाली. पण विस्तव घेऊन गेली ती सगळ्या वस्तीत सांगत गेली. दोन दिवसांत पाण्यावरच्या बायकांना ठाऊक झालं की सखारामच्या घरी पाखरं झाली आहेत, सून धान्य बघत नाही, औंढ्याहून येतानाच पदरात घेऊन आली असेल.

सखारामच्या कानावर गेलं तेव्हा तो ओरडला नाही. त्यानं सुनेला समोर उभं केलं आणि हळू आवाजात बोलला. त्यानं ओरडलेलं तिला परवडलं असतं.

"आपल्या लोकान्ला जलमभर काय काय म्हणलंय ते मी ऐकलंय. घाण म्हणलंय. आपण ते समदं टाकून आलो. आता आपल्या घराकडं बघून कुणी नाक मुरडलं तर ते माज्याकडं बघून न्हाई मुरडत, समद्या वस्तीकडं बघून मुरडतंय. कळतंय का?"

"व्हय, मामंजी."

"मग?"

ती आत जाऊन पुन्हा तांदूळ पाखडायला बसली. ती त्या रात्री जेवली नाही, कारण भातावरून हात फिरवताना बोटांना धागा लागल्यासारखं वाटलं. धागा नव्हता. पण आता तिला सगळीकडे तो लागायला लागला होता. पाण्याच्या कळशीवर, अंथरुणावर, स्वतःच्या केसांत. त्या घरात आपण चालतो तेव्हा काहीतरी बारीक आपल्या मागे ओढलं जातं आणि पुन्हा आपल्यालाच गुंडाळतं, असं तिला व्हायचं. कुणाशी बोलायची सोय नव्हती. येसूबाई उंबऱ्यात बसलेली असायची, आणि तिच्या पायावरून पाय टाकताना दर वेळी म्हणायची, "बघून."

भाद्रपदातल्या एका रविवारी श्रीपतीनं जेवताना विषय काढला.

"आबा, खोली मिळतीय. चाळीत. पर मालक म्हणतुया, बिऱ्हाड आणणार आसशील तरच देईन. दसरा झाला की सांगायचंय, न्हाईतर दुसऱ्याला द्यायचाय."

सरूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि उलटलेली पुन्हा उलटली.

सखाराम म्हणाला, "न्हे की. मी कुटं आडवतोय? बायको नवऱ्यापाशी असावी. पर दसऱ्यामागनं भात कापणीला येतंय. नवा तांदूळ ह्या किडक्या घरात भरायचा का? आदी घर निर्मळ करू दे तिला. आपल्या हातचं झालेलं आपल्या हातानं निस्तरावं, मग कुटंबी जावं."

"तिच्या हातचं कशावरनं, आबा?"

"मग कुनाच्या? तुज्या आयला दिसत न्हाई. मी कणगीपाशी जात न्हाई."

श्रीपती भाकरीचा तुकडा ताटात फिरवत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. बापासमोर त्याचा आवाज फक्त लहान व्हायचा. येसूबाईनं आपलं ताट चाचपून बाजूला सारलं, एवढंच.

जाताना श्रीपती अंगणाच्या कडेला थांबला. "सरू, त्ये पाखरांचं बघ ना लवकर."

"बघतीया."

"येवढीशी तर हायेत. मारून टाकायची."

"तुमी मारा एक."

एक पाखरू नेमकं दाराच्या चौकटीवर होतं. श्रीपतीनं टाळी वाजवली. पाखरू तिरपं होऊन निसटलं आणि तळहातावर तांबूस भुकटी राहिली. तो हसला. तिला हसू आलं नाही. दसऱ्याला तीन आठवडे होते.

मग सरूबाईनं पाखरांकडे बघणं सोडलं. रोज चूल झाडून निघालेली राख ती वस्त्रगाळ करायची, आणि दिवेलागणीला मागच्या खोलीत प्रत्येक मडक्याभोवती, कणगीभोवती, भिंतीच्या कडेनं राखेची पातळ रांगोळी घालायची. सकाळी कुणी उठायच्या आत वाकून बघायची. कणगीभोवतीची राख जशीच्या तशी. डाळींभोवतीची तशीच. चौथ्या सकाळी कोपऱ्यातल्या उतरंडीच्या पायथ्याशी, राखेत सुईनं ओढावी तशी एक रेघ दिसली. रेघ उतरंडीपासून निघून भिंतीपर्यंत गेली होती. तिथून नजर वर नेली तर भिंतीवर हाताएवढ्या अंतरावर एक अळी संथ चढत होती. दुधाळ, डोकं तपकिरी, जाता जाता मागे धागा सोडत.

ती उतरंड बियाण्याची होती. मोठ्यावर लहान अशी सात मडकी: वरई, नाचणी, वाल, भात. बियाण्याची उतरंड घरातल्या थोरल्या बाईची. तिला हात लावायचा तो तिनंच, आणि ती वर्षातून दोनदा. सरूबाईनं तीन वर्षांत तिच्यावरची धूळसुद्धा पुसली नव्हती. पुसायची पद्धतच नव्हती.

तिनं येसूबाईपुढं बसकण मारली.

"आत्याबाई, बियाण्यात हाय."

"बियाण्याला काय हुत न्हाई. राख घातलीया मी."

"वरच्या मडक्यांत घातली आसंल. तळाच्यात?"

येसूबाईनं पाठ उंबऱ्याला आणखी टेकवली. "तळाचं रिकामं हाय. बुड म्हणून ठिवलंय."

"रिकाम्याचं त्वांड शेणानं लिंपून कशाला ठिवलंय?"

"घरात येऊन चार वरसं झाली न्हाईत आन् लिंपलेली त्वांडं मोजाया लागलीस व्हय? माज्या डोळ्याला दिसत न्हाई म्हणून? उतरंडीला हात लावायचा न्हाई. मी मेल्यावर लाव."

त्या दिवसापासून येसूबाई उंबऱ्यातून हलेनाशी झाली. जेवण तिथं, झोप तिथं. परसाकडे जायचं तरी सुनेला आपल्याबरोबर न्यायची, मागे एकटी ठेवायची नाही. दिवस निघून चालले. सरूबाई रोज राख घालायची आणि रोज रेघ तिथूनच निघायची. पाखरं कुठून येतात हे आता तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून ती तितकीच कोंडलेली होती. उलट जास्त. सासऱ्याला सांगावं तर सासूवर बोट दाखवणं. आणि मडकं उघडून दाखवल्याशिवाय तिचं कोण खरं मानणार? नुसत्या राखेच्या रेघेवर कुणी कुणाच्या थोरलेपणाला हात घालत नाही.

दसरा आला. सगळी वस्ती पांढरे कपडे घालून लोणावळ्याला सभेला निघाली. श्रीपती पिंपरीहून परस्पर तिथंच येणार होता आणि संध्याकाळी बापाबरोबर घरी. उद्या सकाळी त्याला चाळीच्या मालकाला काय ते सांगायचं होतं. येसूबाईला चढउतार जमत नव्हता. तिच्यासाठी सरूबाई मागे राहिली. वस्तीत कुत्री तेवढी उरली.

दुपारी सरूबाईनं पदर खोचला आणि सासूच्या पायावरून पाय टाकून ती आत गेली.

येसूबाई "बघून" म्हणाली नाही. तिनं कान दिला. सगळ्यात वरचं मडकं जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरं. सरूबाई प्रत्येकात हात घालून बघत होती. वरई सुटी, नाचणी सुटी, वाल राखेत खडखडीत. मडकं मोठं होत गेलं तसा जमिनीवर टेकल्याचा आवाज जाड होत गेला. सहावं खाली आलं तेव्हा येसूबाई म्हणाली, "सरू, ऱ्हाऊ दे."

सरूबाई तळाच्या मडक्यापुढं उकिडवी बसली होती. तोंडावरच्या शेणाच्या लिंपणाला एका बाजूनं मोहरीएवढं भोक होतं आणि भोकाशी पांढरी लव.

"ऱ्हाऊ दे गं, बाय माजी."

सरूबाईनं अंगठ्यानं लिंपण फोडलं.

पाखरं एकदम वर आली. तिच्या तोंडावर, केसांवर. उंबऱ्यापर्यंत गेली, येसूबाईच्या गालांवर बसली. येसूबाईनं ती हाकलली नाहीत. तिला ती दिसत नव्हती, पण ती कसली आहेत हे कळलं असावं.

आत हिरव्या खणात बांधलेलं एक गाठोडं होतं. खण जाळीनं पांढरा झालेला. सरूबाईनं ते पुढच्या खोलीत चुलीजवळ उजेडात आणलं आणि गाठ सोडली. वर तांदूळ होता, चांगला, गेल्या हंगामातला. त्यात खोबऱ्याची वाटी, खारीक, बदाम, हळकुंड, सुपारी. त्याच्या खाली त्याच्या आदल्या वर्षाचा तांदूळ, गुठळ्या झालेला. त्याच्या खाली आणखी जुना, आणि जसजसं खाली जावं तसं तांदळाचं पीठ, पिठाचं जाळं, खोबऱ्याच्या पोकळ कवट्या, आणि सगळ्यातून हळूहळू सरकणाऱ्या अळ्या. एवढ्या की गाठोडं आपोआप श्वास घेतंय असं दिसत होतं.

"ही ओटी हाय," सरूबाई म्हणाली.

"व्हय."

"कुनाची?"

येसूबाई भिंतीला धरून उठली, चाचपडत चुलीपाशी येऊन बसली. तिनं हात पुढं करून खण शोधला आणि त्यावर हात ठेवला.

"श्रीपती पाच वरसाचा आसताना घटसर्पानं घुसमटला. डोळं पांढरं केलं पोरानं. तवा मी बोलले. कार्ल्याच्या डोंगरावरच्या आईला म्हणलं, ह्याला ठिव, तुजी ओटी भरीन. पोर उठलं. मग ह्या साली जाऊ, त्या साली जाऊ, करता करता ऱ्हायलं. आन् मग तुज्या मामंजीनं देव पाण्यात सोडलं. टोपलं कुनी दिलं त्यांच्या डोस्क्यावर? मीच दिलं. मनापासनं दिलं, खोटं न्हाई बोलत. देवांचं मला काय न्हाई गं. पर ह्ये पोराच्या जिवावर बोललेलं. त्ये कुटल्या टोपल्यात घालू?"

सरूबाईनं खणावरून उतरलेली एक अळी काटकीनं मागं सारली.

"वैशाखी पुनवेला हे समद्यांना कार्ल्याच्या लेण्यात न्हेत्यात. लेण्याच्या दारातच तिचं देऊळ. म्या लेण्यात जाऊन हात जोडायची, आन् पाठीमागं देवळाची घंटा वाजायची. हात लांब केला आसता तर पोचला आसता. पर संगं समदी वस्ती, आन् पुढं हे. कसा करू लांब?"

"आन् ह्ये दर वरसाला?"

"पोकळ दाण्याची ओटी ठिवत न्हाईत. पोराला बरं न्हाई. म्हणून नवा तांदूळ आला की वरनं मापटंभर घालायची. खालचं काडायचं न्हाई. घातलेली ओटी माघारी कशी घ्यायची?"

तेव्हा सरूबाई म्हणाली, "जुन्यावर नवं वतू नका, तळातलं जुनं जित्तं असतं." तिच्या आवाजात राग नव्हता. वखारीच्या दाराशी बसून आई सांगायची तसं ती सांगत होती.

मग तिनं गाठोड्याची चारी टोकं एकत्र केली आणि चूल फुंकली. विस्तव पेटला. एवढंच करायचं होतं. हे चुलीत गेलं की पाखरं संपली, संध्याकाळी सासऱ्याला रिकामं मडकं दाखवायचं, सकाळी पिंपरी. तिचा देवीवर विश्वास नव्हता. तिच्या बापानंही देव सोडले होते, तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती आणि तिला त्याचं काही वाटलं नव्हतं.

तिनं गाठोडं जाळावर धरलं. खणाच्या काठाला झळ लागून जाळी आक्रसली, एक अळी धाग्यानं खाली लोंबली आणि विस्तवात पडली. तिला श्रीपतीचा तळहात आठवला, तांबूस भुकटी लागलेला. पाच वर्षांचं पोर डोळे पांढरे करतंय हे तिनं पाहिलं नव्हतं. पण आता तिला ते दिसायला लागलं आणि थांबेना. हात तसाच राहिला. पुढं जाईना, मागं येईना.

चुलीचा आवाज ऐकत येसूबाई म्हणाली, "पडत न्हाई ना हातनं?"

सरूबाईनं गाठोडं जमिनीवर ठेवलं. तिच्या हाताला भाजलं होतं.

"मी तुला लय बोलू दिलं लोकान्ला," थोड्या वेळानं येसूबाई म्हणाली. "मला कळत हुतं पाखरं कुटनं येत्यात त्ये. पर म्हणलं, ही गेली की त्यो काय दर शनवारी यायचा न्हाई. दिसत न्हाई, निदान आवाज तरी येतो त्याचा."

ऊन उतरायला लागलं होतं. सरूबाई उठली. फळीवर डालडाचा रिकामा डबा होता, मीठ ठेवायला धुऊन पुसून ठेवलेला. तिनं गाठोडं जसंच्या तसं, जुनं नवं सगळं, त्यात दाबून बसवलं आणि झाकण गच्च मारलं. मग सासूचा कुंकवाचा करंडा मागितला. त्यात कुंकवाखाली लावायचं मेण होतं. ते तिनं सगळं खरवडून काढलं, चुलीपाशी मऊ केलं आणि बोटानं झाकणाच्या कडेनं फिरवलं, एक तसूही न सोडता. आत जे होतं ते आत राहील. वारा जाणार नाही, अळी येणार नाही. मरायचं ते आतच मरेल.

मग तिनं मडकं उकळत्या पाण्यानं धुतलं, खोलीतल्या भिंती झाडल्या, कोष चुलीत घातले. सहा मडकी परत रचायला वेळ उरला नाही. दिवेलागणीला अंगणात माणसांचे आवाज आले.

सखाराम आत आला. मागे श्रीपती, आणि दारात कस्तुराबाई. सखारामनं अंगावरचा पांढरा कोट काढला नव्हता. त्यानं मोडलेली उतरंड पाहिली, उपडं घातलेलं ओलं मडकं पाहिलं, फुटलेल्या लिंपणाच्या खपल्या आणि त्यांना चिकटलेली जाळी पाहिली. भिंतीवर दोन-तीन पाखरं अजून होती. एक बुद्धाच्या तसबिरीच्या काचेवर बसलं होतं.

"सापडलं?"

सरूबाईनं मान हलवली.

"ह्या मडक्यात हुतं? काय हुतं ह्यात?"

सखारामची नजर डालडाच्या डब्यावर गेली, झाकणाभोवतीच्या मेणावर.

"त्यात काय हाय?"

"सांग की गं," कस्तुराबाई दारातून म्हणाली. "माहेरचं काय ठिवलं हुतंस का लपवून?"

येसूबाईचे ओठ हलले. "आवो, त्ये…" एवढं तिच्या तोंडून आलं आणि पुढचं आलं नाही. तिचा चेहरा आवाजाकडे वळला होता, पण चुकून सखारामऐवजी कस्तुराबाईकडे. सरूबाई तिच्याकडे बघत होती. मग तिनं खाली बघितलं.

"तुजं हाय?" सखारामनं विचारलं.

ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिनं डबा उचलून काखेत धरला.

सखारामला तेवढं पुरलं. त्याचा आवाज पुन्हा हळू झाला. "म्हंजी चार म्हयने घर पालथं घालून दावलंस, आन् आडगळ तुजीच. सासूच्या बियाण्याच्या बुडाला. आंधळीला फसवलंस." त्यानं तसबिरीच्या काचेवरचं पाखरू बोटानं उडवलं. "श्रीपती, हिला घेऊन जा. आजच. खोली घे न्हाईतर काय बी कर. नवा तांदूळ आमचं आमी भरू. पर ह्या कणगीला हिचा हात आता पुन्यांदा लागायचा न्हाई."

"आबा…"

"जा म्हणलं ना."

श्रीपती बायकोकडे बघत राहिला. तिनं नाही म्हणावं याची तो वाट बघत होता. दोघांना हवं होतं ते मिळालं होतं; आणि ते असं मिळालं होतं की त्याला आनंद कुठं ठेवावा कळेना.

सरूबाईनं दोन लुगडी पिशवीत कोंबली. येसूबाई मागच्या खोलीच्या उंबऱ्यात परत जाऊन बसली होती. सरूबाई तिच्यापुढं वाकली तेव्हा म्हातारीचा हात डोक्याऐवजी डब्याला लागला. बोटं पत्र्यावरून वर चढली, झाकणाच्या कडेनं मेणावरून एकदा पूर्ण फिरली आणि थांबली. तिनं हात मागं घेतला नाही. सरूबाई उभी राहिली तेव्हा तो आपोआप सुटला.

कस्तुराबाईनं बाजूला होऊन दोघांना वाट दिली. बाहेर नागफणी दिसत नव्हती, नुसतं पांढरं धुकं होतं. काखेतल्या डब्यात काहीतरी हलकं पत्र्यावर आपटत होतं, थांबत होतं, पुन्हा आपटत होतं. सरूबाईनं डबा अंगाशी घट्ट धरला आणि ती अंगण ओलांडून निघून गेली.